सुचेताची रिकामी दिसणारी टाकी

सुचेता पेडणेकरनं एखादी गोष्ट मनावर घेतली की काय होतं, हे खारीगावामागच्या त्या इमारतीत जुन्या माणसांना विचारावं. पेडणेकर मंडळी लालबागची खोली विकून भाईंदरला आली तेव्हा इमारतीत पाणी एक दिवसाआड यायचं, आणि व्हॉल्व्हची किल्ली सोसायटीचे चेअरमन जानव्यासारखी अंगावर बाळगायचे. आधी त्यांच्या बाजूला पाणी, उरलं तर बाकीच्यांना. बायका जिन्यात कुजबुजायच्या, पुरुष मीटिंगमध्ये ओरडायचे. सुचेतानं यातलं काहीच केलं नाही. सुपात तांदूळ घेतले आणि चेअरमनच्या दारासमोर पाट टाकून निवडत बसली.

"काय झालं वहिनी?"

"काही नाही. किल्ली मिळाली की उठते."

दुपारच्या जेवणाआधी चेअरमनच्या बायकोनंच किल्ली आणून तिच्या सुपात टाकली. आवाज चढला नाही, शब्दानं शब्द वाढला नाही. बाई तांदूळ पाखडून घरी आली आणि भाताला आधण ठेवलं.

देवाचं करण्यातही तिचा हाच खाक्या. सकाळची आंघोळ, पूजा आणि मग एक पान रामनाम. अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, ते पान लिहिल्याशिवाय तोंडात चहा नाही. गेल्या कार्तिकात त्यांच्या भजनी मंडळानं मिळून रामनाम लिहायचा संकल्प सोडला होता. लिहून झालेल्या कागदाच्या बारीक पट्ट्या कापायच्या, एकेक पट्टी कणकेच्या गोळीत घालायची आणि त्या गोळ्या माशांना खाऊ घालायच्या, अशी आपल्याकडची रीत. मंडळाची सूत्रं मिनल तावडेच्या हातात. तिनं फर्मान काढलं, रविवारी सगळ्यांनी जेसल पार्कच्या खाडीवर जमायचं.

नेमका रविवारीच सुचेताचा गुडघा धरला. खुर्चीवरून उठताना ब्रह्मांड आठवायला लागलं. गोळ्यांचं ताट तर तयार होतं. आता पाठवू कोणाबरोबर, असा विचार करत ती बसली असताना तिची नजर हॉलच्या कोपऱ्यात गेली. तिथे रुचिताची काचेची टाकी होती. दीड फूट लांब, म्हणजे मोठ्या साखरेच्या डब्यापेक्षा थोडी जास्त म्हणा ना. रुचिता लग्न होऊन नाशिकला गेली आणि टाकी आईच्या गळ्यात पडली. वरच्या पाण्यात रंगीत शेपट्यांचे गप्पी आणि निळ्या रेघेचे इवलेसे मासे फिरायचे. सुचेता त्यांना रोज चिमूटभर खाणं घालायची.

तिच्या मनात आलं, मासे काय खाडीतच असतात? बाहेरच्यांना जेवण आणि घरचे कोरडे, हे कुठलं पुण्य? रामाचं नाव घेत तिनं सगळ्या गोळ्या एकामागून एक टाकीत सोडल्या. मासे त्यांच्यावर तुटून पडले. सुचेताला भरून आलं.

सकाळी पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं. कणीक फुगून तळाला बसली होती, कागदाचा लगदा फिल्टरच्या तोंडात अडकला होता, आणि सगळे मासे वर उलटे तरंगत होते.

सुचेतानं त्या दिवशी रामनामाचं पान लिहिलं नाही. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं. तिचे यजमान उत्तमराव गिरगावातल्या एका छापखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला तिखट पण मनानं मऊ. त्यांनी एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं आणि स्वतः उठून चहा केला.

संध्याकाळी मिनल आली. झाला प्रकार ऐकून तिनं दोन्ही हात जोडले. "अगं, रडतेस काय वेड्यासारखी? मुखात रामनाम असताना प्राण गेला त्यांचा. मोठमोठ्यांना मिळत नाही असं मरण. मोक्ष मिळाला त्यांना, आणि तुला पुण्य."

सुचेतानं डोळे पुसले. "मोक्ष त्यांनी मागितला नव्हता मिनल. खायला मागितलं होतं."

कोपऱ्यातून उत्तमराव म्हणाले, "चला, टाकी भंगारात देऊ. जागा मोकळी होईल. हळदीकुंकवाला दोन खुर्च्या जास्त मावतील."

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करायला घेतली. पाणी उपसून झालं, खडे काढून झाले, तळाला एक पोकळ दगड राहिला. उत्तमरावांनी तो उचलला आणि एकदम मागे सरकले.

"अगं, वाम! वामेचं पिल्लू आहे!"

बोटाएवढं काहीतरी ओल्या तळावर वळवळत होतं. पिवळसर अंग, त्यावर काळे पट्टे, तोंडाशी बारीक मिशा. शेवटचा पट्टा मधेच तुटलेला, जणू रंगवणाऱ्याचा रंग संपला. सुचेतानं चटकन पातेल्यात पाणी घेऊन त्याला आत सोडलं आणि लेकीला फोन लावला.

"तो होय?" रुचिता पलीकडून म्हणाली. "अगं आई, मला वाटलं तो कधीच मेला. कॉलेजात असताना आणले होते तीन-चार. लाजरे असतात गं, दिसतच नाहीत. तळाशी लपून असतात."

"आणि खातात काय?"

"वरच्यांचं उरलंसुरलं खात असेल."

फोन ठेवला तरी सुचेता पातेल्यासमोरून हलली नाही. रुचिताचं लग्न होऊन दोन दिवाळ्या झाल्या. एवढे दिवस हा जीव हिच्याच घरात, हिच्या सोफ्यापासून हातभर अंतरावर राहत होता, आणि हिला त्याचा पत्ता नव्हता. दारात आलेल्या पोस्टमनलाही पाणी विचारल्याशिवाय न सोडणारी बाई. तिच्या घरात एक जण उरल्यासुरल्यावर जगला, आणि एवढं होऊनही मेला नाही.

"टाकी जाणार नाही," ती म्हणाली. "हा आता नीट जेवणार, आणि एकटा राहणार नाही."

"म्हणजे काय करणार?"

"त्याला सोबत आणणार."

उत्तमरावांनी कपाळाला हात लावला. "परवा बांगडे तळलेस तेव्हा कुठे होती ही माया?"

"ताटातला मासा वेगळा आणि घरात राहिलेला वेगळा. दोघांची गल्लत करू नका."

भूपेशचं दुकान खारीगावात, रस्त्याला लागून. त्याच्या आजोबांचं एकेकाळी मिठागर होतं. आता घराची पडवी फोडून गाळा काढलेला, आणि त्यात जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या टाक्या. सुचेता आत शिरली तशी भूपेशनं रोजची टेप सुरू केली.

"या काकू. वास्तूसाटी ना? आठ गोल्डफिश देतो, एक काला देतो. घरात पैसा यईल."

"पैसा राहू दे. माझ्याकडे एक जण आहे, त्याला सोबत बघायची आहे." तिनं मोबाईलमधला फोटो पुढे केला.

भूपेशनं फोटो बोटांनी मोठा केला. "कुली लोच हाय ह्यो. बाकीचे कुठं हायत?"

सुचेतानं काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. भूपेश हसला नाही, हे तिला बरं वाटलं. तो म्हणाला, "ह्यो वर येऊन हवा गिलतो, म्हनून टिकला. बाकीच्यांना जमत न्हाय ते. टाकी केवढी?"

"दीड फुटी."

"मंग कशाला डोक्याला ताप? वर गप्पी टाका, झाक दिसतील. खाली एक सकर टाका. खालची सगली घान साफ करल, खायला बी घालाला नको."

"घाण खाऊन जगणार तो?"

"हां, मंग!"

"तुमच्याकडे भांडी घासायला बाई येते?"

"येते."

"ती भांडी घासते म्हणून तिला खरकटंच वाढता का?"

भूपेशनं कान खाजवला. सुचेतानं काचेला चिकटलेल्या त्या खवलेदार माशाकडे बोट केलं. "आणि हा वाढून केवढा होतो?"

भूपेशनं आधी वीतभर हात दाखवला, मग तिच्या डोळ्यांकडे बघून हात आणखी लांब केला.

"दीड फुटी टाकीत?"

"मोठा झाला का परत आनून द्या."

"लेक सासरी देताना असं म्हणतात का, मोठी झाली की परत आणा?"

भूपेशनं तिच्यासमोर प्लॅस्टिकचं स्टूल सरकवलं. "काकू, तुमी बसाच. निवांत बगा आन सांगा."

त्यानं बोलण्याच्या भरात म्हटलं होतं. सुचेतानं ते खरं मानलं. दुसऱ्या दिवशी दुपारचं आवरून ती कापसाची पिशवी घेऊन दुकानात हजर झाली. स्टुलावर बसून वाती वळायच्या आणि माशांकडे बघायचं. हात आपले आपण चालायचे, डोळे काचेवर. येणारी गिऱ्हाइकं विचारायची, ही बाई कोण? भूपेश सांगायचा, "मुलगी बगायला आल्यात. पसंती चालू हाय."

बघता बघता तिला टाक्यांमधला संसार कळायला लागला. वरच्या पाण्यात राहणारे मासे म्हणजे पंगतीत वाढप्याला अडवून वाढून घेणारी माणसं. खाणं पडलं की खालपर्यंत काही पोचूच द्यायची नाहीत. त्यांना आणलं तर आपला तुटक्या पट्ट्याचा पुन्हा उष्ट्यावर. म्हणजे वरचे नकोत. रंग बघून निवडायचं नाही, हे तिथेच ठरलं.

एक दिवस उत्तमरावही बरोबर आले. आले ते "रोज उठून कुठे जातेस ते तरी बघू" म्हणून, पण एका टाकीपुढे थबकले. तळाशी इवले इवले राखाडी मासे घोळक्यानं वाळूत तोंड खुपसून टिपत होते. मिशा होत्या, डोळे मिचकावल्यासारखे करत होते.

"हे घे!" उत्तमराव म्हणाले. "हे खालीच राहतात, लहान आहेत, आणि दिसतात तरी! हॉलमध्ये कोणी आलं तर दाखवायला काहीतरी हवं ना?"

"पिग्मी कोरी हायत," भूपेश म्हणाला. "काकांची नजर चांगली हाय. पन ह्यांना बी घोलका लागतो. सात-आठ तरी पाह्यजेत."

सुचेताला ते आवडले, खोटं कशाला बोला. गोंडस होते. उत्तमरावांचं म्हणणंही चूक नव्हतं. तिनं विचारलं, "आणि त्यांच्याबरोबर माझा एक? आणि त्याचे जातभाई?"

"दोनी मिलून दीड फुटात? न्हाय काकू. गर्दी हुईल. एक कायतरी करा."

"मग त्याचे जातभाई कुठे आहेत तुमच्याकडे?"

भूपेशनं अगदी खालच्या फळीकडे बोट दाखवलं. सुचेता गुडघ्यावर हात ठेवून वाकली. टाकीत तिला काही दिसलं नाही. भूपेशनं आत हात घालून प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा किंचित तिरका केला. पाइपात ते सगळे होते, एकावर एक, एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटीवर. लालबागच्या खोलीत सुट्टीला भावंडं जमली की एका गादीवर अशीच आडवीतिडवी निजायची.

ती सरळ उभी राहिली. "चार द्या यातले."

"अगं, पण हे दिसणार कधी?" उत्तमराव कळवळून म्हणाले. "पैसे देऊन रिकामी टाकी ठेवायची घरात?"

"रिकामी नाही. पाच जणं असतील."

"लोकांना दिसली पाहिजेत ना ती पाच जणं!"

"लोकांसाठी आणत नाही आहे."

भूपेश म्हणाला, "काकू, आज नको. आदी खडे काडा, बारीक वालू टाका. ह्यांच्या मिशा नाजूक असतात, खड्यांवर घासून झिजतात. आन पानी तयार होऊ द्या." बायकोला मंगळसूत्र घेतानाही लोक एवढा वेळ लावत नाहीत, असंही तो पुढे म्हणाला; पण चार मासे बाजूला काढून ठेवायचं त्यानं कबूल केलं.

मग घरात वाळूचं प्रकरण झालं. बाहेर दर गल्लीत टॉवर उभे राहताहेत, वाळू काय कुठेही मिळेल असं उत्तमरावांना वाटलं. त्यांनी पिशवीभर आणली, तिच्यात सिमेंट निघालं. सुचेतानं ती तशीच परत धाडली. शेवटी भूपेशकडूनच वाळू आणली, आणि बाथरूममध्ये बादली ठेवून जुन्या चाळणीतून धुवायला बसली. पाणी गढूळ निघायचं, पुन्हा धुवायचं. बाहेरून उत्तमराव विचारायचे, "बाई, वाळू धुतेयस का पापं?"

"दोन्ही," आतून उत्तर यायचं.

पौष लागता लागता ते चार जण पिशवीतून घरी आले. सुचेतानं पिशवी पाण्यावर ठेवली, हळूहळू आत सोडली. चौघेही एखादी काळी रेघ पुसावी तसे दगडाखाली नाहीसे झाले. जुना पातेल्यातून आधीच तिथे परत आला होता.

त्यानंतर टाकीत काही म्हणजे काही दिसेना. वाळू, दगड, एक पाइप, दोन झाडं. शेजारची आशा काचेला नाक लावून म्हणाली, "सुचेतावहिनी, पाण्याचा फोटो लावलाय का?" मिनल म्हणाली, "मोक्षाला गेलेल्यांचं स्मारक आहे ते." उत्तमराव तर आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्याकडे पाच मासे आहेत. श्रद्धा ठेवा म्हणजे दिसतील."

सुचेताला थट्टेचं काही वाटत नव्हतं. तिला काळजी दुसरीच होती. रोज संध्याकाळी दिवेलागणीला ती देवापाशी निरांजन लावायची, घरातल्या सगळ्या खोल्यांचे दिवे लावायची, टाकीवरचाही लावायची आणि मग भूपेशकडून आणलेल्या, तळाशी बुडणाऱ्या खाण्याच्या गोळ्या आत टाकायची. सकाळी त्या जशाच्या तशा. फुगून पांढऱ्या पडलेल्या. ती नळीनं त्या ओढून काढायची, पुन्हा पाणी खराब व्हायला नको. एकदा दगड हळूच उचलला तर तुटक्या पट्ट्याचं पोट आत गेलेलं दिसलं. नवे चौघे त्यातल्या त्यात बरे होते, दुकानातून खाऊन आलेले. हा मात्र त्या दिवसापासून धड जेवलेलाच नव्हता.

उत्तमरावांनी पण ते पाहिलं. थट्टा थांबली. रात्री जेवताना ते हळू आवाजात म्हणाले, "सुचेता, तू खूप केलंस. पण हा जगेल असं मला वाटत नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू आलंय. त्याच्या आत खाल्लं तर ठीक. नाहीतर पाचही भूपेशला परत देऊ. त्याच्याकडे तरी खातील."

सुचेतानं पानातला भात कालवला, पण घास घेतला नाही. त्यांचं म्हणणं रागाचं असतं तर तिला उत्तर सुचलं असतं. हे खरं होतं, म्हणून अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दुकानात गेली. वाती न घेता गेली. सरळ खालच्या फळीपुढे बसकण मारली. आज तिथे टाकीच्या तोंडावर गोणपाट टाकलेलं होतं.

"हे कशाला?"

"त्यांना उजेड सोसत न्हाय. दुपारी गिऱ्हाईक नसला का टाकतो. अंधारलं का निगतात खायला. सांजच्याला बगा, सगले भाईर."

"संध्याकाळी?"

"हां. दिवस बुडताना."

सुचेता जागची उठेना. दिवस बुडताना! म्हणजे ज्या वेळी ते बिचारे दगडाखालून मान काढत असतील, नेमक्या त्याच वेळी ही त्यांच्या डोक्यावर घरातले सगळे दिवे भकाभका पेटवत होती. तिन्हीसांजेला घरात अंधार नसावा, लक्ष्मी येते, ही आजीपासूनची शिकवण. लग्न झाल्यापासून तिनं एक संध्याकाळ चुकवली नव्हती.

"काकू, काय झाला?"

"काही नाही. माझंच चुकत होतं."

त्या संध्याकाळी तिनं देवापुढे निरांजन लावलं. हात जोडून नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिली. मग हॉलची ट्यूब लावली नाही. स्वयंपाकघरातलाही दिवा लावला नाही. टाकीवरचा तर नाहीच. उत्तमरावांचा हात रिमोटकडे गेला.

"टीव्ही नको."

"बातम्या..."

"अर्ध्या तासानं बघा. तेवढ्यात काही देश बुडत नाही."

त्या दिवशी कोणी बाहेर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी एक तोंड दगडाखालून निघालं, मिशा हलल्या आणि परत आत गेलं. सुचेतानं उत्तमरावांचा दंड एवढा घट्ट धरला की ते कळवळले. पण तुटक्या पट्ट्याचा तो नव्हता. सकाळी गोळ्या थोड्या कमी दिसल्या, तरी त्याचं पोट तसंच.

हळदीकुंकू उद्यावर आलं. तिळगुळाचे डबे भरून झाले, वाणाच्या वाट्या मांडून झाल्या. संध्याकाळी सुचेता निरांजन लावून टाकीसमोर जमिनीवर बसली होती, उत्तमराव शेजारी मोड्यावर. तेवढ्यात दार ढकलून मिनल आत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"अगं बाई! लाइट गेली की काय? आमच्याकडे तर आहे."

"गेली नाही. लावली नाही."

"तिन्हीसांजेची? संक्रांत तोंडावर आलीय आणि घरात अंधार करून बसलीस? लक्ष्मी दारातून परत फिरेल सुचेता!"

"देवापुढे दिवा आहे. लक्ष्मी निरांजनाच्या उजेडात येत होती, ट्यूब कालपरवा आली. ये, बस. चप्पल वाजवू नकोस."

मिनल बसली, कारण न बसता भांडता येत नाही. आवाज मात्र तिनं आपोआप खाली आणला. "हे बघ, मी तुझ्या भल्याचं सांगते. माशांसाठी रीत मोडायची म्हणजे..."

"रीत पाळताना मारले ना मी? मग आता जगवताना मोडली तर मोडली. देवाला विचारून केलंय."

"आणि देव काय म्हणाला?"

"काही म्हणाला नाही. म्हणजे हरकत नाही."

उत्तमराव अंधारात हसले. मिनलनं पदर आवळला. "तुझ्या या हट्टापायी ना एक दिवस..." एवढं म्हणून ती अर्ध्यातच थांबली.

निरांजनाचा उजेड काचेवर येऊन पडला होता, वाळू किंचित सोनेरी दिसत होती. दगडाच्या कडेनं एक जण निघाला, वाळूवरून दोरा ओढत न्यावा तसा पुढे आला. त्याच्यामागून दुसरा. मग दोघं एकदम, एकमेकांना घासत. गोळी पडली होती तिथे पोचून त्यांनी मिशांनी चाचपली आणि टोचायला सुरुवात केली.

"बाई गं!" मिनल पुटपुटली. "साप नाहीत ना गं?"

"शू."

सुचेता मोजत होती. चार झाले. चारही नव्यांचे पट्टे अखंड होते. तिचे ओठ हलत होते, ती नेमकं काय म्हणत होती ते उत्तमरावांना ऐकू आलं नाही, पण ओळखू आलं. पाचवा दगडाच्या तोंडाशी होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. तो नुसता बघत होता, इतके दिवस एकटाच राहिलेला. त्याच्या ओळखीचं असं आता काही नव्हतं, दगड सोडला तर.

चौघांतला एक मागे वळला. काही ठरवून वळला असेल असं नाही, माशाचं काय सांगावं? पण तो दगडापाशी गेला, पाचव्याच्या अंगावरून घसरत आत शिरला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. त्याच्यामागोमाग पाचवाही आला. शेवटचा पट्टा तुटका. खाली मान घालून तो वाळूवर आला आणि गोळीला तोंड लावलं. एकदा. थांबला. मग पुन्हा, आणि पुन्हा. वाळूचे कण उडाले.

उत्तमरावांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग म्हणाले, "उद्या खुर्च्या आतल्या खोलीत मांडू. बायकांना तिकडे बसवू. इथे गडबड नको."

बाहेर पूर्ण अंधारलं. मिनलनं हलकेच सुचेताच्या खांद्याला हात लावला.

"अगं, लाव ना आता दिवा. बघितलं ना त्यांना?"

"थांब जरा," सुचेता म्हणाली. तिची नजर काचेवरून हलली नाही. "अजून जेवतायत ते."